राखण आणि दान : क्लाराबाई शूमान यांचे संगीतजीवन

पियानोवादनाच्या इतिहासात क्लाराबाई शूमान यांना 'पुजारीण' म्हणण्याचा प्रघात फार जुना आहे. फ्रांत्स लिस्ट यांनी १८५४ साली त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा याच उपमेचा आश्रय केला, आणि पुढे टीकाकारांच्या पिढ्यांनी ती उचलून धरली. काळा पोशाख, गंभीर मुद्रा, खाली झुकलेली नजर आणि हाताखाली पतीच्या रचना! हे चित्र इतके मोहक ठरले की त्यामागे एक राबणारी, हिशेब ठेवणारी, चिडणारी आणि चुकणारी बाई होती याचा विसर पडला. आमच्या वाचकांना देवळाचा शेजार जन्मापासूनचा आहे. पुजारी कसा असतो हे त्यांना काव्यातून शिकावे लागत नाही. पहाटे उठून उपकरणी घासणारा, नैवेद्याची वेळ सांभाळणारा, अंगात ताप असला तरी पाळी न चुकवणारा आणि त्याच सेवेवर आपला संसार चालवणारा तो माणूस असतो. या अर्थाने ही उपमा क्लाराबाईंना लावावयास आमची हरकत नाही. मात्र लिस्ट यांच्या अर्थाने ती घेतली की दोन प्रश्न झाकले जातात. या बाईंनी स्वतःची रचना का सोडली, हा पहिला. ज्या वारशाची त्यांनी आयुष्यभर राखण केली त्यातलाच काही भाग त्यांनी आपल्या हाताने का जाळला, हा दुसरा. त्यांच्या शिक्षकपणाचा विचार या दोन प्रश्नांना टाळून करता येत नाही, असे आम्हांस वाटते.

गोव्यात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरून येणारे पियानोचे किंवा व्हायोलिनचे सूर पुष्कळांनी ऐकले असतील. तरीही त्या संगीताचा एक मूलधर्म येथे सांगणे जरूर आहे. आपला गवई रागाच्या चौकटीत त्या त्या क्षणी गाणे उभे करतो. तेथे रचनाकार निराळा आणि वादक निराळा. रचनाकाराने कागदावर लिहिलेला प्रत्येक स्वर वादकाने वाजवायचा. त्यात भर घालायची नाही आणि काही गाळायचेही नाही. पण स्वर किती दाबून काढावा, वाक्य कोठे श्वास घेते, लय कोठे किंचित रेंगाळते, हे कागदावर पुरते उतरत नाही. ते गुरूच्या शेजारी बसूनच कळते. म्हणजे लिखित ग्रंथ असूनही त्या संगीतात परंपरा तोंडीच चालते, आणि म्हणूनच तेथेही घराणी निर्माण झाली.

क्लारा वीक हिचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइप्झिग येथे झाला. वडील फ्रीड्रिख वीक पियानोचे शिक्षक आणि पियानोचे व्यापारीही होते. आई मारियान्न गायिका आणि वादक. पण नवराबायकोचे पटले नाही आणि मुलगी पाच वर्षांची असतानाच घर मोडले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मुलीवर बापाचा हक्क. ही मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलतच नव्हती. तिला ऐकू येत नाही असा घरच्यांचा समज झाला होता. हिच्या कानांनी पुढे युरोपला ऐकावयास शिकवले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वीक हे नाव चरित्रकारांनी खलपुरुषाच्या यादीत टाकले आहे, आणि त्यास कारणेही आहेत. तरी शिक्षक म्हणून त्यांना नाकारता येत नाही. मुलीला त्यांनी आधी कानाने शिकवले. स्वरलेखन वाचणे पुढे आले. बोटांना लांबलचक कवायतीत गुंतवून ठेवण्याऐवजी थोडा वेळ पण पूर्ण लक्ष देऊन बसवले. रोज मोकळ्या हवेत चालावयास नेले, उत्तम गायक ऐकवले, कारण पियानोने गावे हा त्यांचा आग्रह होता. एवढे सगळे मान्य करून त्यांच्या एका कृतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. मुलगी सात वर्षांची असताना त्यांनी तिच्या नावाने रोजनिशी सुरू केली, आणि तिच्यातला 'मी' लिहिणारा हात मुख्यतः वीक यांचा होता. ती अठरा-एकोणीस वर्षांची होईपर्यंत हे चालले. बापाची स्वतःबद्दलची स्तुतीही मुलीच्या तोंडून लिहिलेली त्यात सापडते! इतक्या कोवळ्या वयापासून जिचा 'मी' दुसऱ्याने लिहिला, तिने पुढे दुसऱ्याच्या लेखनाला आपला आवाज द्यावा, यात आम्हांला नवल वाटत नाही. त्यातून तिने स्वतःचे असे काय वाचवले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

१८२८ साली, वयाच्या नवव्या वर्षी, ती लाइप्झिगच्या गेवांडहाउस सभागृहात प्रथम लोकांसमोर आली. १८३० मध्ये तेथेच तिची स्वतंत्र मैफल झाली. पुढे पॅरिस झाले. १८३७-३८ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाने तिला डोक्यावर घेतले, दरबाराने मानाची पदवी दिली, आणि तिने वाजवलेल्या बेटोफेनच्या सोनाट्यावरून ग्रिलपार्त्सर यांनी कविता लिहिली. त्याच सुमारास तिने बर्लिनमध्ये स्वरलिपीचे पुस्तक समोर न ठेवता वाजवले, तेव्हा बेट्टिना फोन आर्निम यांच्यासारख्या विदुषीला तो उद्धटपणा वाटला. आज पियानोवादक मैफलीत पुस्तक घेऊन बसला तर लोक कुजबुजतात. ही रूढी पाडण्याचे श्रेय ज्या दोघातिघांकडे जाते त्यांत क्लारा आणि लिस्ट अग्रभागी आहेत.

रोबर्ट शूमान १८३० साली वीक यांच्याकडे शिष्य म्हणून राहावयास आले. त्यांचे बोट निकामी होऊन वादनाची वाट बंद झाली आणि ते रचनेकडे वळले. पुढची प्रेमकथा, बापाचा विरोध, कोर्टकचेरी हे सारे इतक्यांदा सांगून झाले आहे की आम्ही ते ओलांडून जातो. १२ सप्टेंबर १८४० रोजी, म्हणजे वधूच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विवाह झाला, एवढे पुरे. त्यानंतरच्या चौदा वर्षांत आठ अपत्ये झाली. त्यांपैकी एक मुलगा तान्हेपणीच गेला. घराच्या भिंती पातळ होत्या. रोबर्ट रचना करू लागले की पत्नीचा पियानो बंद. युरोपने जिला डोक्यावर घेतले होते ती बाई आपल्याच घरात रियाजाला तास मिळत नाही म्हणून दोघांच्या सामाईक रोजनिशीत खंत लिहिते, आणि पतीही ती खंत समजून घेतो, पण तोडगा कोणालाच सापडत नाही. रोबर्ट यांना आम्ही दुष्ट म्हणणार नाही. पत्नीने रचना करावी असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनीच तिच्या रचना प्रकाशकांकडे पोहोचवल्या. परंतु इच्छा असणे वेगळे आणि घरात दुसरा तास निर्माण करणे वेगळे.

क्लाराबाईंच्या रचनांविषयी येथेच बोलून घेऊ. सोळाव्या वर्षी, १८३५ मध्ये, त्यांनी स्वतःचा पियानो कॉन्चेर्तो मेंडेल्सोन यांच्या संचालनाखाली गेवांडहाउसमध्ये वाजवला. १८४६ चे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांसाठीचे त्रिकूट ही आमच्या मते त्यांची सर्वांत सरस कृती. मोजके बोलणारी, कोठेही बोटांचा दिमाख न दाखवणारी, आणि शेवटच्या प्रकरणात एकाच सुरावटीचा तिन्ही वाद्यांनी पाठलाग करण्याच्या जुन्या शास्त्रीय पद्धतीवर पूर्ण पकड असलेली. ती हौशी कृती नव्हे. तरीही विसाव्या वर्षीच त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले होते की आपल्यात निर्मितीची शक्ती आहे असे पूर्वी वाटे, आता तो विचार सोडला. स्त्रीने रचनेची इच्छा धरू नये, कारण आजवर कोणतीही ते करू शकलेली नाही. हे खोटे होते, पण त्यांना खोटे ठरवून दाखवणारे उदाहरण त्यांच्यासमोर फारसे कोणी ठेवले नव्हते. १८५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी बऱ्याच रचना केल्या. त्यानंतर मात्र लेखणी जवळजवळ थांबली.

थांबण्याचे कारण सर्वश्रुत आहे. २७ फेब्रुवारी १८५४ रोजी भ्रमिष्ट अवस्थेत रोबर्ट यांनी डुसेलडॉर्फ येथे ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्यांना वाचवण्यात आले आणि बॉनजवळील एंडेनिखच्या रुग्णालयात ठेवले गेले. डॉक्टरांनी पत्नीला भेटू दिले नाही. दोन वर्षे उलटल्यावर, जुलै १८५६ मध्ये, मृत्यूच्या दोन दिवस आधी तिने त्यांना पाहिले. मध्यंतरी शेवटचा मुलगा फेलिक्स जन्मला होता. सात मुले, रुग्णालयाचा खर्च, आणि वय पस्तीस. मित्रांनी मदतीसाठी जलसा करण्याची तयारी दाखवली. ती या बाईंनी नाकारली आणि १८५४ च्या शरद ऋतूतच त्या दौऱ्यावर निघाल्या.

येथे आमच्याकडील वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो योग्यच आहे: मुलांचे काय? मुले नातलगांकडे, परिचितांकडे, वसतिगृहांत वाढली. धाकट्यांना आई प्रामुख्याने पत्रांतून भेटली. पुढे लुडविग वेड्यांच्या इस्पितळात गेला, यूलिए १८७२ त आणि फेलिक्स १८७९ त वारला, फेर्डिनांड युद्धात दुखण्यावर मिळालेल्या मॉर्फिनच्या आहारी गेला आणि त्याच्या मुलांचा भारही आजीवर आला. हे दुःख क्लाराबाईंच्या खात्यावर लिहिणाऱ्यांनी तेवढ्याच काळात रोबर्ट जिवंत असते तर काय झाले असते याचा विचार करावा. रचना करणारा बाप वर्षभर खोलीत दार लावून बसला तर त्याला एकाग्रता म्हणतात. ही बाई गाडीत बसून गावोगाव गेली ती मुलांच्या शाळेचे पैसे आणावयास. जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर १९९० पासून युरो येईपर्यंत त्यांचे चित्र होते. एकेक थालर मोजून संसार करणाऱ्या बाईंना हा सन्मान शोभून दिसला.

मैफलकार म्हणून त्यांनी केले काय? त्यांच्या सुमारे तेराशे कार्यक्रमपत्रिका त्स्विकाउ येथे जतन केलेल्या आहेत. त्या क्रमाने पाहिल्या तर एका कलावंताच्या अभिरुचीचा प्रवासच वाचावयास मिळतो. मुलीच्या वयातील कार्यक्रमांत हेर्त्स, पिक्सिस यांच्यासारख्यांचे चकमकीचे तुकडे पुष्कळ आहेत. बापाला बाजार कळत होता. नंतर ते गळत जातात आणि त्यांची जागा बाख, बेटोफेन, शोपँ, मेंडेल्सोन, शूमान आणि पुढे ब्राम्स घेतात. मैफल लहान आणि आटोपशीर होते. वादक रचनेपेक्षा मोठा दिसणार नाही याची काळजी दिसते. व्हायोलिनवादक योझेफ योआखिम यांच्यासह त्यांनी दोनशेहून अधिक मैफली केल्या. १८५६ ते १८८८ या काळात त्या वारंवार इंग्लंडला गेल्या आणि तेथल्या श्रोत्यांना शूमान यांच्या संगीताची गोडी लावली. आज गंभीर पियानोमैफल म्हणून जी गोष्ट आपण गृहीत धरतो, तिचा नकाशा मोठ्या अंशी या बाईंनी आखला. मात्र त्यांचा सावधपणाही नोंदवला पाहिजे. पतीच्या 'कार्नावाल' मधील काही प्रकरणे त्या गाळून वाजवीत. 'क्राइस्लेरियाना' लोकांसमोर ठेवावयास त्यांनी फार वर्षे घेतली. श्रोत्यांना काय झेपेल याचा अंदाज त्या सतत घेत होत्या. रचनेतला एकही स्वर न ढळू देणाऱ्या बाई प्रकरणेच्या प्रकरणे वगळीत होत्या, ही विसंगती पुढच्या गोष्टीची नांदी आहे.

ती गोष्ट म्हणजे रोबर्ट यांच्या अखेरच्या रचनांची. १८५३ मध्ये लिहिलेला व्हायोलिन कॉन्चेर्तो आजाराची छाया पडलेला आहे असे क्लाराबाई, योआखिम आणि ब्राम्स या तिघांनी ठरवले आणि तो समग्र आवृत्तीत घेतला गेला नाही. ही समग्र आवृत्ती ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल यांनी क्लाराबाईंच्या संपादनाखाली काढली. बाईंनी तिच्यावर कित्येक वर्षे डोळे झिजवले. कॉन्चेर्तो १९३७ पर्यंत कोणाला ऐकावयास मिळाला नाही. तरी त्याचे हस्तलिखित शाबूत राहिले. चेलो आणि पियानोसाठी त्याच वर्षी लिहिलेल्या पाच रोमान्सांचे तसे झाले नाही. त्या त्यांनी १८९३ साली जाळून टाकल्या. देवस्थानच्या जामदारखान्यातला एखादा दागिना जुना झाला, मोडका दिसतो, तो घालून देवाची शोभा कमी होईल, असे महाजनांपैकी कोणाला वाटू शकते. तो दागिना पेटीत ठेवण्याचा अधिकार आहे, वितळवण्याचा नाही. क्लाराबाईंचा हेतू शुद्ध होता याबद्दल आम्हांला शंका नाही. चाळीस वर्षे ज्याचे नाव सांभाळले त्याचे हसे होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. परंतु त्या पाच रचना चांगल्या होत्या की वाईट, हे ठरवण्याचा आमचा हक्क त्या आगीत गेला. ब्राम्स यांच्याशीही त्यांचा खटका उडाला तो याच मालकीच्या भावनेतून. रोबर्ट यांच्या चौथ्या सिंफनीचे १८४१ चे मूळ रूप ब्राम्स यांनी १८९१ मध्ये छापवून घेतले तेव्हा त्या कमालीच्या दुखावल्या. या वादात आमचे मत ब्राम्स यांच्या बाजूस पडते.

येथपर्यंत येऊन कोणी म्हणेल की अशी करडी राखणदार शिक्षक म्हणूनही करडीच असणार. गंमत अशी की शिकवणीतला पुरावा याच्या उलट बोलतो.

१८७८ साली फ्रांकफुर्ट येथे होख संगीतविद्यालय सुरू झाले. संचालक योआखिम राफ यांनी क्लाराबाईंना पियानोच्या प्रमुख शिक्षिका म्हणून बोलावले. त्या वेळच्या अध्यापकवर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. बाईंनी अटी घातल्या: आपल्या घरीच शिकवू, दिवसाला दीड तास, हिवाळ्यात मैफलींना मोकळीक, सुट्टी लांब, आणि मदतनीस हवेत. सर्व अटी मान्य झाल्या. मारी आणि ऑयगेनी या दोघी मुली मदतनीस झाल्या. नवा शिष्य बहुधा आधी मुलींच्या हाताखाली तयार होई आणि मग बाईंसमोर बसे. शिष्य एकमेकांची तालीम बसून ऐकत. आपल्याकडे बुवांच्या घरी ज्येष्ठ शिष्याने कनिष्ठाला पलटे घोटून द्यावेत आणि बुवांनी पुढे चीज द्यावी, त्यातलाच हा प्रकार.

शिष्यांनी सांगून ठेवलेल्या आठवणींवरून शिकवण्याचे सूत्र स्पष्ट होते. पट्टीवर बोट आपटायचे नाही. बोट पट्टीजवळच ठेवून ती दाबायची, दंड आणि मनगट मोकळे ठेवायचे. आवाज मोठा हवा असला तरी तो ठोकून काढलेला नसावा. प्रत्येक स्वराला पुढच्या स्वराकडे नेणारी ओढ असावी. रचनाकाराने लिहिलेली खूण दुर्लक्षित झाली की बाई संतापत; नुसत्या वेगासाठी वाजवलेला वेग त्यांना सहन होत नसे. हातांच्या दुखण्याने त्यांना स्वतःला १८७३ नंतर दीड वर्षाच्या आसपास मैफली बंद ठेवाव्या लागल्या होत्या. हात मोकळा ठेवण्याचा त्यांचा आग्रह हा वडिलांकडून आलेला असला, तरी तो या दुखण्यातून तावून निघाला असावा असा आमचा तर्क आहे.

क्लाराबाईंचे स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित झाले नाही. १२ मार्च १८९१ रोजी फ्रांकफुर्टमध्ये त्यांनी शेवटची जाहीर मैफल केली, १८९२ मध्ये विद्यालय सोडले, आणि २० मे १८९६ रोजी त्या निवर्तल्या. मात्र त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या आहेत, आणि आज त्या कोणालाही ऐकता येतात. इलोना आयबेनश्यूत्स यांनी १९०३ साली ब्राम्स यांचा बॅलड मुद्रित केला. त्याच बाईंनी ब्राम्स यांच्या अखेरच्या पियानोरचना लंडनला प्रथम ऐकवल्या होत्या. फॅनी डेव्हिस यांनी १९२८ साली शूमान यांचा पियानो कॉन्चेर्तो आणि त्यानंतर 'किंडरत्सेनेन' व 'डाविड्सब्युंडलरटेन्झे' मुद्रित केले. अडेलिना डी लारा यांनी पंचाहत्तरी उलटल्यावर शूमान यांच्या पुष्कळ रचना वाजवून ठेवल्या.

या तिघींना ओळीने ऐकावे. आयबेनश्यूत्स यांचा बॅलड झपाट्याने, जवळजवळ बेभान होऊन पुढे जातो. डेव्हिस यांचे बोल लवचिक. उजव्या हाताची सुरावट डाव्या हाताच्या मागून किंचित उशिरा येते, जशी ठेक्यावर ओठंगलेली गायकी. डी लारा यांचे वादन साधे. वयामुळे बोटे जड झालेली, पण एकही वाक्य अर्धवट सुटत नाही. एका गुरूच्या तीन शिष्या, आणि तीन स्वतंत्र माणसे! समान आहे तो ध्वनी: गोल, न ठोकलेला, गाणारा. आमच्या गोमंतकाच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींचे गुरू अल्लादियाखाँसाहेब. परंतु केसरबाईंची तबकडी लावली असता मोगूबाईंची म्हणून कोणी फसेल काय? तसेच हे.

म्हणून 'पुजारिणी'च्या उपमेने रंगवलेली, सर्वांना एकाच साच्यात बसवणारी शिक्षिका या तबकड्यांत कोठेही आढळत नाही. कागदावरच्या वारशाच्या बाबतीत क्लाराबाई कुलूप घालणाऱ्या होत्या. हस्तलिखिताच्या पेटीची किल्ली त्यांनी कोणाला दिली नाही. हाताने हातात द्यावयाच्या वारशात मात्र त्या मोकळ्या होत्या, आणि हे औदार्य त्यांना वीक यांच्याकडून मिळालेले नव्हते. जिच्या नावाने दुसऱ्याने रोजनिशी लिहिली, तिने शिष्यांच्या वादनात आपला 'मी' लिहिला नाही. हे त्यांनी जाणून केले की नकळत, याचा निवाडा आम्ही करीत नाही. १८४६ चे त्रिकूट लिहिणाऱ्या बाईंच्या निर्मितिशक्तीचे पुढे काय झाले, या प्रश्नाचे जे काही उत्तर असेल त्याचा मोठा हिस्सा आम्हांला या शिकवणीत दिसतो. त्यामुळे झालेले नुकसान भरून निघत नाही. त्रिकुटासारखी आणखी चार त्रिकुटे असती तर आम्ही ती आनंदाने ऐकली असती. २०१९ साली त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, तेव्हा त्यांचा कॉन्चेर्तो आणि त्रिकूट ठिकठिकाणी वाजले. पण ते सारे आरंभीच्या आणि मधल्या वयातले. चाळिशीनंतरच्या क्लाराबाई रचनाकार म्हणून कशा असत्या, ते कोणालाच ऐकता येणार नाही.

ही शाखा कोठवर पसरली याचे एकच उदाहरण देतो. होख विद्यालयात क्लाराबाईंकडे शिकलेल्या कार्ल फ्रीडबर्ग यांनी पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेत अध्यापन केले. १९५० च्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढे एक तरुण कृष्णवर्णीय मुलगी शिकावयास बसली. तिला शास्त्रीय पियानोवादक व्हावयाचे होते. तो दरवाजा तिला उघडला नाही, आणि पुढे नीना सिमोन या नावाने ती सगळ्या जगाला माहीत झाली. तिचे गाणे आमच्या वाचकांना रुचेल असे नाही. तरी तिच्या तबकड्यांत गाणे थांबून नुसता पियानो वाजू लागतो तेव्हा बोटांकडे लक्ष द्यावे.